नाव नवं, ओझं जुनं : रेंज एक्स्टेंडर ट्रकचा इतिहास सुरू कुठून करायचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्याच प्रकरणाला एक प्रश्न आडवा येतो. इतिहास सुरू कुठून करायचा? बहुतेक जण काय करतात, तर आजची वस्तू घेतात, तिचं आजचं नाव घेतात आणि त्या नावाला शोभेल अशी 'पहिली' वस्तू शोधत मागे जातात. सापडली की तिथून प्रकरण सुरू! वाचायला बरं वाटतं, गाईडही फारसं काही बोलत नाहीत. पण या पद्धतीत आपल्या हातून अर्धा इतिहास निसटू शकतो. कसा, ते आज एका ताज्या उदाहरणावरून बघू.

उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे सध्या रेंज एक्स्टेंडर बसवलेल्या इलेक्ट्रिक पिकअप आणि एसयूव्हींची मोठी चर्चा आहे. रेंज एक्स्टेंडर म्हणजे काय, तर गाडीची चाकं फिरवते इलेक्ट्रिक मोटर. मोटरला वीज देते बॅटरी. बॅटरी उतरायला लागली की गाडीतलंच एक पेट्रोल इंजिन सुरू होतं. हे इंजिन चाकांना जोडलेलं नसतं. ते फक्त जनरेटर फिरवून वीज बनवतं. लाइट गेल्यावर सोसायटीच्या आवारात जनसेट सुरू होतो ना, तसंच. फक्त इथे जनसेट गाडीच्या पोटात आहे.

आता साधी इलेक्ट्रिक गाडी सोडून हा खटाटोप कशासाठी? अमेरिकेत पिकअपच्या मागे बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा अख्खं फिरतं घर जोडून हजार-दोन हजार किलोमीटरच्या सहली काढायची पद्धत आहे. तिथेच गोम आहे.

आधी गणित

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी गणिताला घाबरू नये. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहायचा तर चार आकडे स्वतः मांडून बघावेच लागतात.

फोर्डची एफ-१५० लाइटनिंग ही इलेक्ट्रिक पिकअप २०२२ मध्ये बाजारात आली. तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता १३१ युनिट. (वीजबिलातला एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास, इथेही तोच.) सरकारी चाचणीनुसार पल्ला ३२० मैल, म्हणजे साधारण ५१५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला पाव युनिट. मागे उंच, चौकोनी ट्रेलर जोडला की हवेचा अडथळा इतका वाढतो की पल्ला निम्म्याच्या आसपास येतो, हे अनेक स्वतंत्र चाचण्यांत दिसलं. म्हणजे किलोमीटरला अर्धा युनिट. सुरक्षित अंतर राखून चार्जिंग करायचं तर दर दोनशे किलोमीटरला थांबा. त्यातही बरीच चार्जिंग स्टेशनं एकट्या गाडीसाठी आखलेली, पार्किंगसारखी आत शिरायची. ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा! पेट्रोल पंपावर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं. ही साधी आखणी पंपांनी कित्येक दशकं सांभाळली आहे.

आता दुसरी बाजू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन आणि जनरेटरमधून त्यातली एक तृतीयांश वीज बनली असं धरा, म्हणजे ३ युनिट. शंभर लिटरच्या टाकीतून ३०० युनिट, ट्रेलरसकट सहाशे किलोमीटर. या पेट्रोलचं वजन पाऊणशे किलो. तेवढीच वीज बॅटरीत साठवायची, तर किलोला दीडशे वॅट-तास धरून बॅटरी होते दोन टनांची. ओझं ओढायचं म्हटलं की इंजिनाला परत का बोलावलं जातं, हे या तीन-चार ओळींतच कळतं.

नेहमीची वंशावळ

आता इतिहासाकडे येऊ. या गाड्यांचा पूर्वज कोण असं विचारलं, तर मासिकांत आणि संकेतस्थळांवर एक ठरलेली वंशावळ मिळते.

सुरुवात १९०० च्या व्हिएन्नात. लोहनर या गाडी बनवणाऱ्या कंपनीत फर्डिनांड पोर्श नावाचा तरुण इंजिनिअर चाकांतच मोटर बसवलेल्या इलेक्ट्रिक गाड्या करत होता. त्यातल्या एका गाडीची शिशाची बॅटरी एकटीच १,८०० किलोंची होती. त्यावर उपाय म्हणून त्याने बॅटरी लहान केली आणि दोन छोटी पेट्रोल इंजिनं जनरेटरला जोडून गाडीत बसवली. नाव ठेवलं 'सेंपर व्हिव्हस', लॅटिनमध्ये 'सदैव जिवंत'. मग वंशावळ थेट ११० वर्षांची उडी मारते. २०१० च्या शेवटी जनरल मोटर्सची शेव्हरोले व्होल्ट, २०१३ मध्ये बीएमडब्ल्यूची आय-थ्री, २०१९ मध्ये चीनमधली ली वन. आणि मग अमेरिकन पिकअप.

मधली ११० वर्षं काय झालं? ठरलेलं उत्तर असतं की कल्पना काळाच्या पुढे होती, ती झोपी गेली. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असं वाक्य आलं तर तिथे लाल पेन्सिलने खूण करा. कल्पना कधी झोपत नसतात. एक तर लोकांना त्यांची गरज नसते, नाही तर आपण चुकीच्या जागी शोधत असतो.

जागा बदलून शोधू

वरच्या वंशावळीत शोधशब्द आहे 'रेंज', म्हणजे पल्ला. आता क्रियापद बदलू. 'लांब जाणे' सोडून देऊ आणि 'ओढणे' हा शब्द घेऊन त्याच ११० वर्षांत जाऊ. काय दिसतं?

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याला स्कोडाच्या अजस्र तोफा डोंगराळ भागात न्यायच्या होत्या. तोच पोर्श आता ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीत होता. त्याने 'सी-झुग' नावाची रस्त्यावरची आगगाडीच बनवली. पुढच्या गाडीत पेट्रोल इंजिन आणि जनरेटर, तिथून केबलने वीज मागच्या ट्रेलरांना, आणि ट्रेलरांच्या चाकांत मोटरी. चाकं बदलून ही गाडी रुळांवरही चाले. पल्ला वाढवायला बॅटरी-बिटरी काही नाही.

१९२५ मध्ये अमेरिकेत डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनांची विक्री सुरू झाली. आपण ज्याला सरसकट 'डिझेल इंजिन' म्हणतो, ते खरं तर रुळांवरचा जनसेट आहे. डिझेल इंजिन वीज बनवतं, आणि चाकं फिरवतात मोटरी. आपल्याकडे १९६२ पासून धावलेलं डब्ल्यूडीएम-२ याच जातीचं. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक चालकासकट मालगाडीवर चढवून न्यायचे. त्या ट्रकांना ओढणारी इंजिनंही डिझेल-इलेक्ट्रिकच होती. म्हणजे ज्या ट्रकला आज रेंज एक्स्टेंडर बसवायची चर्चा चालू आहे, त्याला आपल्याकडे तेव्हाच एक जनसेट ओढत होता, फक्त बाहेरून!

१९५५ मध्ये आर. जी. लटर्नो या अमेरिकन कारखानदाराच्या कंपनीने अलास्कात माल पोचवायला 'स्नो-फ्रेटर' बनवला. बर्फातून रडार केंद्रांचं सामान न्यायचं होतं. दोन डिझेल इंजिनं, २४ चाकं, प्रत्येक चाकात मोटर, दीडशे टन माल. पुढे त्यांनीच सैन्यासाठी ५४ चाकांची, १७० मीटरहून लांब 'ओव्हरलँड ट्रेन' केली. तिला वीज देत होत्या चार गॅस टर्बाइन. १९६२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या युमा इथे तिच्या चाचण्या झाल्या. तोवर जड सामान उचलणारी हेलिकॉप्टर आली होती, आणि सैन्याचा रस संपला. तिचा चालकाचा पुढचा भाग युमाला अजून जपून ठेवला आहे. १९६० च्या दशकापासून मोठ्या खाणींतल्या डंपरांतही हीच रचना येऊ लागली.

बघा, कल्पना झोपली बिपली नव्हती. ती रुळांवर, बर्फात आणि खाणीत राबत होती. मोटारींच्या मासिकांत मात्र नव्हती.

एकच आकृती, दोन प्रश्न

पण थांबा. इथे दुसरी चूक करायचा मोह होतो. 'म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिन हाच रेंज एक्स्टेंडरचा खरा पूर्वज' असं लिहून आपण मोकळे होऊ शकतो. तेही बरोबर नाही.

कारण या लोकांचा प्रश्नच वेगळा होता. पेट्रोल किंवा डिझेल इंजिन उभ्या जागी ओढू शकत नाही. ते आधी फिरत असावं लागतं. म्हणून क्लच आणि गिअर. शेकडो टनांचं ओझं क्लचवर घेतलं तर क्लच जळून जाईल. इलेक्ट्रिक मोटर मात्र शून्य वेगालाच पूर्ण जोर लावते. शिवाय वायर वाकते, वळते, पन्नास चाकांपर्यंत पोचते. लोखंडी शाफ्ट पन्नास चाकांपर्यंत नेऊन दाखवा! म्हणजे लटर्नोसाठी वीज होती गिअरबॉक्स. ऊर्जा साठवायचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. त्याला 'रेंज एक्स्टेंडर' हा शब्द ऐकवला असता तर तो गोंधळला असता. रेंज वाढवायची तर डिझेलची टाकी मोठी करा, त्यात काय?

'सेंपर व्हिव्हस'चा प्रश्न याच्या उलट. तिथे बॅटरीचं वजन आणि पल्ला हीच अडचण होती.

म्हणून माझं म्हणणं असं, की इथे वंशावळी दोन आहेत. एक पल्ल्याची, एक ओढण्याची. कागदावर दोन्हींची आकृती सारखीच निघते : इंजिन, जनरेटर, मोटर, चाक. पण आकृती सारखी म्हणून इतिहास सारखा होत नाही. त्या माणसांना आपण कोणती अडचण सोडवतोय असं वाटत होतं, हे त्यांच्याच कागदपत्रांत शोधावं लागतं. हाच फरक तुमच्या प्रबंधाला 'माहितीचं संकलन' होण्यापासून वाचवतो.

कायदा यंत्राच्या आत शिरतो तेव्हा

आता पल्ल्याच्या वंशावळीत परत जाऊ, कारण तिथे आणखी एक पात्र आहे आणि ते कुठल्याच आकृतीत दिसत नाही. ते म्हणजे सरकारी व्याख्या.

कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने २०१२ मध्ये रेंज एक्स्टेंडर गाड्यांसाठी एक खास वर्ग केला. अट अशी, की पेट्रोलवरचा पल्ला बॅटरीवरच्या पल्ल्याहून जास्त असता कामा नये, आणि बॅटरी जवळपास संपल्याशिवाय इंजिन सुरू होता कामा नये. या वर्गात बसावी म्हणून बीएमडब्ल्यूने अमेरिकेतल्या आय-थ्रीची टाकी सॉफ्टवेअरने आखडली. २.४ गॅलनच्या टाकीतलं १.९ गॅलनच वापरता येई. युरोपातल्या चालकाला बॅटरी बरीच भरलेली असतानाही इंजिन सुरू करून ती राखून ठेवता येई. अमेरिकन गाडीत ती सोय बंद होती, इंजिन जागं होई ते बॅटरी ६-७ टक्क्यांवर आल्यावर.

आता हे चढावर काय करतं ते बघा. दीड टनाची गाडी, ६ टक्के चढ, ताशी ११० किलोमीटर. चढासाठीच सुमारे २७ किलोवॅट लागतात, हवा आणि टायरांसाठी आणखी १६-१७. एकूण ४३ च्या पुढे. स्कूटरच्या जातीचं ते दोन सिलिंडरचं इंजिन देणार २५ च्या आसपास. उरलेले १८ किलोवॅट बॅटरीने द्यायचे, आणि बॅटरीत शिल्लक एखादा युनिट. चार-पाच मिनिटांत खेळ खलास, गाडी मंदावते. अमेरिकेत यावरून मालकांनी कोर्टात दावेही केले. तीच गाडी, तोच चढ, पण युरोपात चालकाने बॅटरी आधीच राखली असती तर हे टळलं असतं. म्हणजे यंत्राची ही अडचण अर्धी इंजिनिअरांची आणि अर्धी एका व्याख्येची.

व्होल्टचा वादही असाच. जनरल मोटर्स तिला 'वाढीव पल्ल्याची इलेक्ट्रिक गाडी' म्हणत होती. ऑक्टोबर २०१० मध्ये कळलं, की बॅटरी उतरल्यावर जास्त वेगात इंजिनाचा जोर गिअरमधून थेट चाकांकडेही जातो. लगेच 'कंपनी खोटं बोलली' असा गदारोळ. खरं तर स्थिर वेगात हे शहाणपणाचंच आहे. आधी वीज बनवा, मग तिची पुन्हा हालचाल करा, यात दोनदा नुकसान होतं. ते टाळलं, एवढंच. पण नाव 'इलेक्ट्रिक' असल्यामुळे कार्यक्षमतेचा निर्णय अप्रामाणिक ठरला.

आणि तिसरं, शांघाय. तिथे नव्या ऊर्जेच्या गाड्यांना हिरवी नंबरप्लेट फुकट मिळे. १ जानेवारी २०२३ पासून प्लग-इन हायब्रिडना आणि त्यांच्याबरोबर रेंज एक्स्टेंडरनाही ती बंद झाली. एका रात्रीत त्याच गाडीचा वर्ग बदलला, एक स्क्रूही न हलवता.

म्हणून 'वर्ग' म्हणजे आयती चौकट असं समजू नका. वर्ग हेच तुमचं प्राथमिक साधन आहे. तो कोणी केला, कधी केला, कोणाच्या आग्रहाने केला, हे विचारा.

दोन घराणी एकत्र

२०२३ नंतर अमेरिकेत जे चाललंय ते या दोन वंशावळींच्या लग्नासारखं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रॅमने रॅमचार्जर जाहीर केली (पुढे नाव बदललं) : ९२ युनिटची बॅटरी, व्ही-६ पेट्रोल इंजिन, १३० किलोवॅटचा जनरेटर. कंपनीचा दावा ६९० मैलांचा आणि १४,००० पौंड, म्हणजे ६.३ टन ओढायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या पाठबळावर स्काउट हे जुनं नाव परत आलं आणि त्यांच्या रेंज एक्स्टेंडरचं नाव 'हार्वेस्टर'. मूळची स्काउट इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची, म्हणून. (१९६३ मध्ये महिंद्राने मुंबईत ट्रॅक्टर सुरू केले ते याच कंपनीबरोबर.) आगाऊ नोंदणी करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी पूर्ण बॅटरीऐवजी हार्वेस्टरच मागितला. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेही सांगून टाकलं, की पुढची लाइटनिंग रेंज एक्स्टेंडरची असेल.

पुन्हा तेच गणित करून बघा. ट्रक आणि ट्रेलर मिळून ९ टन, ६ टक्के चढ, ताशी ८० किलोमीटर. चढासाठी सुमारे ११८ किलोवॅट, बाकीचं धरून १६० च्या वर. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा रस्ता काही ठिकाणी ७ टक्क्यांचा आहे, म्हणजे हे काल्पनिक नाही. जनरेटर १३० चा. कमी पडणारे ३५ किलोवॅट बॅटरी देणार. पंधरा मिनिटांत सुमारे ९ युनिट. बॅटरीत तेवढे शिल्लक असतील तर काहीच कळणार नाही. नसतील तर आय-थ्रीची गोष्ट, फक्त मागे सहा टन. म्हणून आता बॅटरी पल्ल्यासाठी जेवढी, तेवढीच चढावरच्या उशीसारखी. लटर्नोकडे ही उशी नव्हती आणि पोर्शच्या पहिल्या गाडीला असली ओढाताण नव्हती.

पण एक प्रश्न उरतो आणि तोच माझ्या मते सगळ्यात मोठा. ही गाडी रोज रात्री प्लगला लावली जाणार का? युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारी मांडली. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. एक मोठं कारण, लोक चार्जच करत नव्हते. तीन टनांचा ट्रक सहलीपुरता जनरेटरवर आणि बाकी वर्षभर घरच्या विजेवर चालला तर फायदा मोठा. आणि कायम जनरेटरवरच चालला, तर तो दोनदा नुकसान सोसणारा पेट्रोल ट्रक. यंत्र तेच, फक्त वापर वेगळा. डेव्हिड एजर्टन 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये शोधांचा इतिहास सोडून वापराचा इतिहास लिहा म्हणून सांगतो, ते इथे अगदी लागू पडतं.

तुमच्यासाठी काय?

१९०० मध्ये अमेरिकेत ४,१९२ मोटारगाड्या बनल्या. त्यात १,५७५ इलेक्ट्रिक आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या. १९०८ मध्ये ऑलिव्हर फ्रिचल नावाच्या कारखानदाराने स्वतःची इलेक्ट्रिक गाडी नेब्रास्कातल्या लिंकनपासून न्यूयॉर्कपर्यंत, सुमारे १,८०० मैल, चार आठवड्यांत नेली. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीची लांब सहल अशक्य नव्हती. तरी ती हरली. का, यावर डेव्हिड कर्श, गेस मॉम आणि व्हर्जिनिया शार्फ यांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. कर्श संस्था आणि सेवांच्या जाळ्याकडे बघतो, मॉम 'साहसाचं यंत्र' म्हणून पेट्रोल गाडीच्या ओढीकडे, शार्फ स्त्री-पुरुषांच्या गाड्या वेगळ्या मानण्याकडे. तिघांना शेजारी ठेवून वाचा. एकाच पुराव्याला तीन प्रश्न कसे विचारतात, ते कळेल.

आणि विषय शोधायला अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. कल्याण आणि पुण्याच्या डिझेल शेडमध्ये दोन-तीन पिढ्यांनी हे रुळांवरचे जनसेट सांभाळले. घाटात मोटरी तापायच्या तेव्हा काय करायचे, पावसात चाक घसरायचं तेव्हा जोर कसा कमी करायचे, हे ज्ञान छापील मॅन्युअलमध्ये कमी आणि माणसांच्या हातात जास्त आहे. रेल्वेचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण होत आलंय. कोकण रेल्वेवरही २०२२ मध्ये ते पूर्ण झालं. त्या शेडमधली माणसं निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या वह्या रद्दीत जायला फार वेळ लागणार नाही. मौखिक इतिहासाचा एक पूर्ण प्रबंध तिथे पडून आहे, मराठीत मुलाखती घेऊन करता येण्यासारखा.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदातलं मुख्य क्रियापद शोधा. ते खोडा, त्या काळातल्या माणसांनी वापरलं असतं असं क्रियापद तिथे लिहा, आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहून बघा. कोणती माणसं आणि कोणत्या जागा नव्याने आत आल्या, याची यादी करून गाईडकडे न्या. काय निघालं ते मलाही जरूर कळवा.